व्हीपीएन, टॉर वगैरे आपल्यासारख्या माणसाला खरंच लागतं का?

पांदणरस्ता (दारव्हा तालुका)
आमच्या गावात सध्या एक नवंच खूळ शिरलंय. पुण्या-नागपूरहून सुट्टीला आलेले पोट्टे ज्याच्या-त्याच्या फोनात फुकटचं व्हीपीएन, म्हणजे नेटवर आपण कुठं जातो ते लपवतो म्हणणारं ॲप, टाकून देतात. म्हणे, "काका, सरकार सगळं बघतं, हे चालू ठेवत जा." माझ्याही फोनात टाकून दिलं. ते चालू असलं की बँकेचं ॲप रुसतं. बंद केलं की पोट्टा म्हणतो, आता तुम्ही उघडे. एक जण तर टॉर नावाचं काहीतरी वापरतो आणि त्याबद्दल असा बोलतो जसं काही दिल्लीहून त्याच्याच मागावर माणसं निघाली आहेत.
माझा प्रश्न साधा आहे. कोरडवाहू शेती, सोसायटीचं पीककर्ज, दोन बैल आणि एक जुनी मोटरसायकल, एवढा पसारा असलेल्या माणसावर कोण पाळत ठेवणार? आणि ठेवलीच, तर असल्या ॲपनं ती थांबते का? भाषण नको, अनुभव सांगा.

खर्राबंद
भाऊ, तुमच्यावर पाळत ठेवायले सरकार कायले पायजे? पानठेल्यासमोरच्या बाकावर चार जण बसूनच हायेत. तुम्ही यवतमाळले कोन्त्या डाक्टरकडं गेलते, हे तुमची यष्टी वापस यायच्या आंदी गावाले माहीत असते. त्याच्यावर कोन्तं व्हीपीएन चालते ते सांगा, मी बी टाकतो.

धुरकरी_मास्तर
मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. माझ्या फोनात नातवंडांचे फोटो, भजनी मंडळाचा ग्रुप आणि पेन्शनचे मेसेज, याखेरीज काही नाही. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. ज्याला लपवायचं काही नाही, त्यानं भ्यायचं कशाला? उलट आमच्या गावात चौकात कॅमेरे लागल्यापासून विहिरीवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जाणं कमी झालंय. ही पाळत मला चालते.

तिफण
मास्तर, पेन्शनच्या मेसेजमध्ये बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे आणि शिल्लक असते. लपवायचं काही नाही ना, मग टाका इथे एक स्क्रीनशॉट.

धुरकरी_मास्तर
टाकणार नाही. पण ताई, तुम्ही आणि सरकार एक नाही. सरकारला माझी पेन्शन माहीतच आहे, तेच देतं.

तिफण
तेच म्हणते मी. कोणाला काय माहीत असावं हे तुम्ही ठरवताय. म्हणजे लपवताच आहात, फक्त माझ्यापासून.

जाळेवाला (मूळ मोर्शी, सध्या पुणे)
नेटवर्कच्याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पांदणरस्ता भाऊ, आधी ते फुकटचं व्हीपीएन काढा आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या फोनातून जे काही जातं ते मोबाइल कंपनीच्या हातून जातं. आजकाल बहुतेक साइटवर कुलपाची सोय असते, त्यामुळे तुम्ही पानावर काय वाचलं, काय लिहिलं ते कंपनीला दिसत नाही. पण कोणत्या साइटवर गेलात, कधी गेलात, किती डेटा गेला हे साधारण कळतं. व्हीपीएन लावलं की कंपनीला फक्त "हा गडी व्हीपीएनला जोडलाय" एवढंच दिसतं. मग ती साइटांची यादी जाते कुठं? व्हीपीएनवाल्याकडे. म्हणजे बघणारा बदलला, बघणं थांबलं नाही. आता तुम्हीच ठरवा, ज्याचा पत्ता माहीत नाही आणि जो फुकट सेवा देतो, त्याच्यावर भरवसा जास्त की परवाना घेऊन बसलेल्या कंपनीवर.

उदाहरण देतो. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन "तुमचं रक्षण करतं" असं सांगून लोकांच्या फोनात बसवलं जायचं. त्याच्या आधारे फेसबुकला कळायचं की लोक कोणती दुसरी ॲपं किती वापरतात. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते काढावं लागलं, २०१९ मध्ये बंदच केलं. रक्षणाच्या नावानं भरती आणि भरती झालेल्यांचीच मोजणी.

पैसे देऊन चांगलं व्हीपीएन घेता येतं, त्याला काही अर्थही आहे. बसस्टँडवर, लॉजवर, कॉलेजात परक्या वायफायवर असाल तर त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, कशासाठी घेतलं वगैरे नोंदी पाच वर्षं ठेवायच्या. त्यावर एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर उचलून बाहेर नेले. बँकेचं ॲप रुसायचं हेही एक कारण असू शकतं, तुम्ही दारव्ह्यात बसून सिंगापूरहून आल्यासारखे दिसता.

टॉरची गोष्ट वेगळी. ते १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालं, आता एक ना-नफा संस्था चालवते. तुमची विनंती जगभरातल्या तीन मशीनमधून फिरून जाते. पहिल्या मशीनला तुम्ही कोण ते कळतं, कुठं चाललात ते नाही. शेवटच्याला कुठं चाललात ते कळतं, कोण ते नाही. पत्रकार, हुकूमशाही देशातले लोक, नवऱ्याच्या मारातून सुटू पाहणारी बाई, यांच्यासाठी ते मोलाचं आहे. पण त्यातूनच स्वतःच्या फेसबुकवर लॉगिन केलं तर तुम्ही कोण ते तुम्हीच सांगितलं.

आणि एक गंमत. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका पोरानं परीक्षा चुकवायला बॉम्बची खोटी ईमेल पाठवली, टॉरमधून. ईमेल कुठून आली ते टॉरनं लपवलं. पण त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण-कोण वापरत होतं ते विद्यापीठाच्या नोंदीत होतं, आणि अशी माणसं फार नव्हती. पोलीस थेट त्याच्या खोलीवर.

खर्राबंद
म्हंजे मे महिन्यात सारेच तोंडाले दुपट्टा बांधून फिरतात, कोन कोनाले पाहत नाई. अन् तोच दुपट्टा एखाद्यानं श्रावणात बांधला तं अख्खं गाव त्याच्याकडंच पाहीन. असंच ना सर?

जाळेवाला
मी एवढं लिहिलं ते वाया गेलं. हो, असंच.

खर्राबंद
मंग त्या टॉरवाल्या पोट्ट्याले सांगा, गावात तोच एकला दुपट्टेवाला हाय.

विदर्भकन्या_८
ब्राउझरमधल्या इनकॉग्निटोबद्दल कोणीतरी सांगा. माझा भाऊ म्हणतो त्यात काहीच दिसत नाही.

जाळेवाला
तुमच्यानंतर तोच फोन हातात घेणाऱ्याला दिसत नाही, एवढंच. मोबाइल कंपनीला, साइटला, कॉलेजच्या वायफायवाल्याला सगळं तसंच दिसतं. यावरून गूगलवर अमेरिकेत २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत गोळा केलेला डेटा पुसायचं गूगलनं कबूल केलं. पण एका घरात एकच फोन असेल तर इनकॉग्निटो कामाची चीज आहे, हसू नका.

तिफण
हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. इथे सगळे पुरुष दिल्लीबद्दल बोलताहेत. आमच्याकडे बाईवर पाळत घरातूनच असते. मी बचत गटाचं काम करते. फोन नवऱ्याच्या नावावर, पासवर्ड मुलाला माहीत, रिचार्ज दीर करणार. एका सुनेचं व्हॉट्सॲप घरातल्याच एकाच्या लॅपटॉपवर जोडलेलं निघालं. ती माहेरी काय बोलते ते सगळं तिकडं उघडं. तिला संशय यायचा की सासूला आपलं बोलणं कसं कळतं. व्हॉट्सॲपात "लिंक्ड डिव्हाइसेस" म्हणून एक जागा आहे, तिथं जाऊन अनोळखी यंत्र काढून टाकलं, मिनिटाभराचं काम. कोणतंही ॲप विकत घ्यावं लागलं नाही.
आता बैठकीत मी सगळ्यांना तेवढं एक पान उघडायला सांगते. प्रत्येक वेळी कोणीतरी एकदम गप्प होतं.

सेतूवाली_ताई
तिफणताई, बरोबर. मी सेवा केंद्र चालवते, आता माझ्या बाजूचं ऐका.
२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज भरले तेव्हा केंद्राबाहेर पहाटेपासून रांग होती. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, सगळं पिशवीत घालून बाया काउंटरवर ठेवून जायच्या, "भर ताई, मी वावरातून येते." ओटीपी आला की रांगेत उभं राहून मोठ्यानं वाचायच्या. मागची बाई तो ओटीपी पुन्हा म्हणून दाखवायची, मला ऐकू गेला नसेल म्हणून. तालुक्यातल्या एका झेरॉक्स दुकानाच्या संगणकावर मी स्वतः पाहिलंय, पडद्यावर शेकडो आधारच्या फायली, नावासकट. दुकानदार वाईट माणूस नाही. त्याला ते पुसायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नाही.
ज्याच्याकडे तुमचा आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा आहे तो आधारवर चालणाऱ्या पैसे काढायच्या मशीनमधून तुमचे पैसे काढू शकतो. त्यात ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. इतर राज्यांत जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून रबरी ठसे केल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली आहेत. खरेदीखतावर अंगठा कोणाचा असतो? आपल्याच म्हाताऱ्यांचा.
त्यामुळे कोणी येऊन व्हीपीएन विचारलं की मी म्हणते, आधी आधारचा अंगठा लॉक कर. आणि झेरॉक्स द्यायचीच तर मास्क्ड आधारची दे, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्याच एका कार्यालयानं "झेरॉक्स कुणालाही देऊ नका" अशी सूचना काढली होती, आणि गोंधळ झाला म्हणून ती लगेच मागेही घेतली. सूचना मागं गेली, सल्ला चुकीचा नव्हता.

कपाशी_क्विंटल
सरकारले पाळत ठेवायची गरजच काय हाय राजेहो? ई-पीक पाहणीत आम्ही सोताच धुऱ्यावर उभं राहून पऱ्हाटीचा फोटो काढतो अन् पाठवतो, ठिकाणासकट. फार्मर आयडी काढला, त्याले सातबारा जोडला. २०२५-२६ पासून सीसीआयले, म्हंजे सरकारी कापूस महामंडळाले, कापूस द्यायचा तं कपास किसान ॲपवर नोंदणी करा, आधार द्या, पेरा सांगा. माह्या वावरात किती बोंडं हायेत हे मायासीन जास्त मुंबईले माहीत असन. अन् एवढं सांगून बी गाडी परत पाठवतात, म्हणे ओलावा जास्त हाय. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० होता लांब धाग्याले, अन् खेड्यावर खरेदीदार जे भाव सांगते ते इथं लिहिलं तं प्रशासक प्रतिसाद उडवतीन.

वरुडचा_संत्रा
कपाशीवाले, नोंदणीला तुम्हाला रेंज तरी मिळाली का? आमच्याकडे झाडावर चढावं लागतं.

कपाशी_क्विंटल
टाकीवर चढलो. पान्याच्या.

प्रशासक
कापसाच्या भावाचा धागा वेगळा आहे, तिकडे चला. इथे विषय पाळतीचा.

वरुडचा_संत्रा
विषयावरच बोलतो. अकोल्याकडच्या पाहुण्यांच्या गावची गोष्ट. चोरबीटीचं, म्हणजे परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याचं, पाकीट कोणाकडे आलं, काय भावानं, हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरायचं. ग्रुप बंदिस्त, सगळे ओळखीचे. एक दिवस कृषी विभागाचं पथक नेमकं त्याच गोठ्यात. फोन टॅप झाला म्हणून सगळे घाबरले, सिमकार्डं बदलली, एकानं फोनच विहिरीत टाकला. पुढं कळलं, ग्रुपमधल्याच एकानं स्क्रीनशॉट पुढं पाठवला होता. त्याला पाकीट मिळालं नव्हतं, एवढंच कारण.
२०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं हेच तणनाशकाला टिकणारं बियाणं सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर पेरलं होतं. त्यांच्यावर पाळत ठेवायचा प्रश्नच आला नाही, त्यांनीच बोलावलं होतं बघायला. कायदा मोडायचा तर असा मोडावा असं माझं मत. पण सगळ्यांना ते परवडत नाही, हेही खरं.

धुरकरी_मास्तर
पाहा, म्हणजे फोन टॅप वगैरे आपल्या डोक्यातलं भूत. माणसंच माणसाला पकडून देतात.

काळाकोट (वकील, पुसद)
मास्तर, इतकं सोपं नाही.
फोन ऐकायचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्यापासून आहे. त्याला लगाम १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घातला. आदेश गृहसचिवानं द्यायचा, कारण लिहायचं, समितीनं तपासायचं. २०१३ मध्ये माहिती अधिकारातून आलेलं गृह मंत्रालयाचं उत्तर सांगतं की एकट्या केंद्राचेच महिन्याला साधारण ७,५०० ते ९,००० आदेश निघत. एक गृहसचिव महिन्याला इतकी कारणं वाचून सही करतो, यावर तुमचा विश्वास बसत असेल तर बसो.
आता आपल्याकडचं. साकोलीचे नाना पटोले आणि अचलपूरचे बच्चू कडू यांचे फोन भलत्याच माणसांच्या नावानं, अमली पदार्थांच्या संशयाखाली टॅप झाले, असा आरोप विधानसभेत झाला. २०२२ मध्ये पुण्यात गुन्हाही नोंदला गेला. पुढं २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. म्हणजे कोर्टात त्याचं पुढं काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण नेत्यांना स्वतःला कळायलाही काही वर्षं गेली. सामान्य माणसाला कधीच कळवलं जात नाही, तशी कायद्यात सोयच नाही.

खर्राबंद
बच्चूभाऊचा फोन ऐकणाऱ्याले वऱ्हाडी समजत होती का पण? का दुभाष्या ठेवला होता?

काळाकोट
ते न्यायालयासमोर आलं नाही.
दुसरी गोष्ट, ऐकणं सोडा. कोणी कोणाला कधी फोन केला, कोणत्या टॉवरखालून, याची यादी म्हणजे सीडीआर. ती तपासासाठी पोलीस मागवतात. २०१३ मध्ये अरुण जेटली राज्यसभेत विरोधी पक्षनेते असताना त्यांचे कॉल रेकॉर्ड मिळवल्याच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांतल्याच एका शिपायाला अटक झाली. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांची टोळी पकडली, ते सीडीआर विकत घ्यायचे आणि पुढं विकायचे. गिऱ्हाईक कोण? बायकोवर संशय असलेले नवरे, नवऱ्यावर संशय असलेल्या बायका, धंद्यातले भागीदार. मास्तर, एकदा यादी तयार झाली की ती सरकारच्याच कपाटात राहते असं नाही. तुमचा विश्वास सरकारवर असेल, तो शिपायावरही ठेवावा लागतो.

धुरकरी_मास्तर
शिपायाचा मुद्दा घेतला. तरी माझी यादी विकत कोण घेईल? भजनी मंडळ?

काळाकोट
बांधाच्या वादातला तुमचा चुलतभाऊ.

खर्राबंद
😂😂 मास्तर गार.

रानवाट
वकीलसाहेब, ग्रुप ॲडमिनबद्दल सांगा. आमच्या गावच्या ग्रुपचा ॲडमिन मी आहे आणि लोक निवडणुकीत काहीही टाकतात. पोलीस पाटील म्हणाले तुला आत टाकतील.

काळाकोट
नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल आहे, गोंदिया जिल्ह्यातलंच प्रकरण. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, संगनमत दाखवावं लागतं. पण दंगलीच्या वेळी असलं काही दिसलं तर पुसून टाका आणि त्याला काढा, निकाल खिशात घेऊन फिरू नका.

रानवाट
धन्यवाद. आता ॲडमिनपद सोडायचं म्हटलं तर कोणी घेत नाही.

मोहफूल (गडचिरोली)
वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं.
आमच्याकडे हा प्रश्न विनोदाचा नाही. माझ्या लहानपणी आमच्या भागात टॉवर जाळले जायचे. पोराच्या हातात फोन असणं हाच एका बाजूला खबरी असल्याचा पुरावा, आणि फोनात कोणाचा नंबर आहे यावरून दुसऱ्या बाजूला संशय. खबरी ठरवून माणसं मारली गेली आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. आता परिस्थिती पुष्कळ निवळली आहे, टॉवर आले, पोरं रील बनवतात. पण सवय जात नाही. माझे मामा आजही नंबर नावानं साठवत नाहीत, पाठ ठेवतात.
तिथं व्हीपीएन काय करणार? समोरचा माणूस उघडा फोन हातात मागतो. त्याला नाही म्हणता येत नाही. अशा वेळी उपयोगाचं एकच, फोनात जे नाही ते कोणी बघू शकत नाही. आपोआप पुसले जाणारे मेसेज, एवढं मी वापरतो. तेही कोणाला सांगत नाही, कारण पुसलेलं दिसलं की "काय पुसलं?" हा पुढचा प्रश्न येतो.
मास्तरांना एवढंच सांगायचं आहे, लपवण्यासारखं काय हे तुम्ही ठरवत नाही. बघणारा ठरवतो, आणि तो बदलत राहतो.

जाळेवाला
मोहफूल, लिहिलंत ते बरं केलं. एक जोडतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं जगभरातल्या साधारण १,४०० लोकांना कळवलं होतं की तुमच्या फोनात पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवायचा प्रयत्न झाला. त्यात नागपूरचे वकीलही होते. असलं हत्यार इस्रायलची एनएसओ कंपनी सरकारांना विकते, ते महाग असतं, दोन बैलांच्या मालकावर कोणी वाया घालवत नाही. आणि ज्याच्यावर घालतात त्याच्यापुढं व्हीपीएन, टॉर, सिग्नल नावाचं मेसेजचं ॲप, सगळंच थिटं, कारण ते फोनातच बसून पडदा वाचतं. फोनचं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करणं, एवढाच त्यातल्या त्यात उपाय.

पांदणरस्ता
व्हीपीएन काढलं. बँकेचं ॲप सुरू झालं, पोट्टा नाराज आहे.
मोहफूलचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझा प्रश्न "आपल्यासारख्यावर कोण पाळत ठेवणार" असा होता. दारव्ह्यातून तो सहज विचारता येतो, गडचिरोलीतल्या धानोऱ्यातून नाही.
आता सिग्नलचं सांगा, ते तरी ठेवू का? पोट्टा म्हणतो व्हॉट्सॲप सगळं वाचतं.

जाळेवाला
वाचत नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपात मजकूर कुलूपबंद करायला सिग्नलचीच पद्धत वापरतात. फरक बाकीच्या गोष्टींत आहे. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात, कोणत्या ग्रुपात आहात हे व्हॉट्सॲपकडे असतं. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयातून एका खात्याची माहिती मागवली गेली तेव्हा त्यांच्याकडे दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी ठेवलेलंच नव्हतं.
व्हॉट्सॲपात बॅकअपला वेगळा पासवर्ड लावायची सोय २०२१ पासून आहे, ती सुरू करा. नाहीतर तुमचं बोलणं गूगल ड्राइव्हवर कुलपाविना पडून राहतं.
सिग्नल चांगलंच आहे. पण बियाणंवाला, सोसायटीचा सचिव, पोरीची शाळा, सगळे व्हॉट्सॲपवर. सिग्नलवर तुम्ही आणि तो पोट्टा दोघंच.

खर्राबंद
अन् तो टॉरवाला.

धुरकरी_मास्तर
माझं मत तेच आहे, सामान्य माणसानं सरकारला भिऊन राहू नये. मात्र चुलतभावाला भ्यावं. सेतूताई, ते अंगठा लॉक करणं म्हणजे काय? आणि ते केल्यावर रेशन कसं मिळणार? आमच्या दुकानात मशीनवर अंगठा द्यावा लागतो.

सेतूवाली_ताई
मास्तर, चांगलं विचारलंत, इथेच लोक अडकतात. आधारच्या साइटवर किंवा आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावलं की कुठल्याच मशीनवर तुमचा अंगठा चालत नाही. चोराचाही नाही, तुमचाही नाही. रेशनच्या दिवशी ॲपमधून थोड्या वेळापुरतं उघडायचं, धान्य घ्यायचं, ते पुन्हा आपोआप बंद होतं. बँक मित्राकडून निराधारचे पैसे काढायचे, हयातीचा दाखला द्यायचा, तेव्हाही तसंच. ओटीपीनं होणारी कामं चालूच राहतात.
आणि कोणाचे पैसे गेलेच तर रडत बसू नका. १९३० वर लगेच फोन करा, आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानं चोरलं, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. बँकेतला माणूस "काही होत नाही" म्हणेल. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पांदणरस्ता
ताई, आईचं लॉक करायला बसलो आत्ता. ओटीपीच येईना. तिच्या आधारला जो नंबर आहे ते सिम कधीचंच बंद पडलंय.

सेतूवाली_ताई
मग हे आधी करा, बाकी सगळं नंतर. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे तुमच्या आईचे ओटीपी आज कदाचित एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जात असतील, बँकेचेसुद्धा. बँकेतही तोच जुना नंबर आहे का बघा.

पांदणरस्ता
बाप रे. आहे, तोच आहे.

सेतूवाली_ताई
आईला घेऊन आधार केंद्रावर जा, तिथं अंगठा घेऊन नंबर बदलून देतात. म्हातारीचा अंगठा उमटत नसेल तर डोळ्यांवरून घेतात, तसं म्हणायला लाजू नका. नवा नंबर तुमच्या भाच्याचा किंवा गावातल्या पोट्ट्याचा देऊ नका, आईच्याच हातातला द्या. तिथून उठून बँकेत.

पांदणरस्ता
उद्या बाजाराचा दिवस आहे, गर्दी असेल, पण नेतो.

सेतूवाली_ताई
मूळ आधार घेऊन जा. आणि बाहेर कोणी झेरॉक्स मागितली तर देऊ नका, लागत नाही.